रविवारी बंद

हॉटेल आणि देव यांचा संबंध आपल्याला नवा नाही. उडप्याच्या गल्ल्यामागे कृष्ण असतो, इराण्याच्या भिंतीवर आरशांच्या रांगेत जरथुष्ट्राची तसबीर असते, आणि आपल्या मराठी खानावळीत तर गजानन, दत्तगुरू, स्वामी समर्थ आणि मालकांचे कैलासवासी तीर्थरूप अशी सगळी मंडळी एकाच हाराखाली नांदत असतात. सकाळी उदबत्ती ओवाळली की देवाचे काम संपले. मग दिवसभर त्याने वरून गल्ल्यावर नजर ठेवावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. पण भिंतीवर कुठे दिसत नाही आणि तरीही आठवड्यातून एक दिवस दुकानाला कुलूप लावून जातो, असा देव मी प्रथम पाहिला तो अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरी.

उन्हाळ्याच्या सुटीत धाकट्या बंधूंकडे गेलो होतो. रविवारी संध्याकाळी त्यांच्या गाडीतून हिंडताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. रस्त्याच्या दोहो बाजूंना खाण्याच्या दुकानांची नुसती जत्रा उसळलेली. पिवळे दिवे, तांबडे दिवे, मोटारींच्या रांगा! आणि मधेच एक दुकान अंधारात. आवार झाडलेले, काचा लख्ख, फळ्या शाबूत, पण आत चिटपाखरू नाही. पुढे दोन-तीन मैलांवर त्याच नावाचे दुसरे दुकान, तेही तसेच. मी पृच्छा करण्याआधीच वहिनी म्हणाल्या, "ते चिक-फिल-ए. रविवारी बंद असतं. आणि गंमत अशी भाऊजी, की नेमकी रविवारीच तिथं खायची इच्छा होते!"

नावाची फोड मी लागलीच मागून घेतली. मास्तरकीची खोड जात नाही. 'चिक' म्हणजे कोंबडी, 'फिल-ए' म्हणजे हाड काढलेला मांसाचा तुकडा, आणि शेवटचा 'ए' हा मालाचा दर्जा दाखवणारा. थोडक्यात 'अव्वल नंबरची बिनहाडाची कोंबडी'. पाणिनीनेही मान डोलवावी असा हा समास आहे. पण जाहिरातीपाशी येऊन व्याकरण अडखळते. १९९५ सालापासून या दुकानाच्या जाहिरातींत गाई दिसतात. त्या पाट्या रंगवून लोकांना विनवतात, की बाबांनो, कोंबडी खा! (म्हणजे अर्थात आम्हाला सोडा.) गाईंनीच लिहिलेले म्हणून स्पेलिंग मुद्दाम चुकवलेले असते. आयुष्यभर विद्यार्थ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आलेल्या माणसाला हसावे की तांबडी पेन्सिल काढावी ते कळेना. गोरक्षणाचा असा प्रचार मात्र आपल्याकडे कुणाला सुचलेला नाही.

या घराण्याचा मूळ पुरुष ट्रुएट कॅथी. जन्म १९२१, मृत्यू २०१४. हे गृहस्थ बॅप्टिस्ट पंथाचे, आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवणारे. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली त्यांनी आणि त्यांच्या भावाने अटलांटाच्या दक्षिणेस, हेपव्हिल गावी एक छोटे उपाहारगृह काढले. जागा इतकी चिमुकली, की नावच 'ड्वार्फ ग्रिल' म्हणजे बुटक्यांची खानावळ असे पडले. जवळच विमानतळ, पुढच्याच साली फोर्ड मोटारींचा कारखानाही शेजारी उभा राहिला. पाळ्या रात्रंदिवस चालायच्या, म्हणून खानावळही चोवीस तास उघडी. पण सहाच दिवस. सातव्या दिवशी टाळे. ही बायबलातली विश्रांतीची आज्ञा खरीच, पण सहा दिवस अहोरात्र चुलीपुढे उभे राहिलेल्या दोघा भावांच्या कंबरांचीही तीच आज्ञा होती. धर्म आणि कंबर यांचे असे एकमत क्वचितच होते.

कोंबडीचा शोध पुढचा. विमानकंपन्यांना जेवण पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कोंबडीच्या छातीचे काही तुकडे उरत. विमानातल्या तबकात मावत नाहीत म्हणून नापसंत झालेले. ते कॅथींनी घेतले आणि वाफेचा दाब धरणाऱ्या कढईत तळून पाहिले. उघड्या कढईत कोंबडी शिजायला वेळ फार. ही मात्र गोमांसाच्या टिकलीइतक्याच वेळात तयार. घाईत असलेल्या कामगाराला ते पुरे होते. १९६७ साली अटलांटातल्या ग्रीनब्रायर या बाजारसंकुलात चिक-फिल-ए नावाचे पहिले दुकान निघाले. आज अमेरिकेत त्यांची संख्या हजारांत आहे, आणि मालकी अजून कॅथी कुटुंबाचीच. १९८२ साली धंद्यास उतार पडला तेव्हा मंडळींनी बसून आपल्या धंद्याचा हेतू लिहून काढला. त्याचा आशय असा, की ईश्वराने आपल्यावर जे सोपवले आहे त्याचे आपण प्रामाणिक विश्वस्त व्हावे आणि त्यातून त्याचा महिमा वाढवावा. 'विश्वस्त' ही कल्पना आपल्याला गांधीजींमुळे परिचित आहे. आपल्या गिरणीमालकांना ती कितपत परिचित होती, हा निराळा विषय.

गिरण्यांवरून आठवले. रविवारची सुटी आपल्याला साहेबाने दिली अशी आपली ढोबळ समजूत असते. साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद असत हे खरे, पण मुंबईच्या गिरण्यांतल्या मजुराला ती सुटी नव्हती. ती मिळवण्यासाठी नारायण मेघाजी लोखंड्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. अखेर १८९० साली गिरणीमालकांनी ती कबूल केली. सत्यशोधक लोखंड्यांचा युक्तिवाद मोठा मार्मिक होता : रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी आमच्या माणसाला देवाचे करायला मोकळीक हवी. म्हणजे लालबाग-परळच्या मजुराला खंडोबाने जी सुटी मिळवून दिली, तीच हेपव्हिलच्या स्वयंपाक्याला मोझेसने! वार एकच.

या नियमाला कॅथी मंडळी किती चिकटून आहेत पाहा. अटलांटात २०१७ साली एक प्रचंड क्रीडागार उभे राहिले. तिथेही यांचे दुकान आहे. अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक सामने बहुतांशी रविवारी; म्हणजे हजारो भुकेले प्रेक्षक समोरून जात असताना दुकान बंद! पण त्याच वर्षी १७ डिसेंबरला, रविवारीच, अटलांटाच्या विमानतळाची वीज गेली आणि तासन्‌तास हजारो उतारू अंधारात अडकून पडले, तेव्हा यांनी चुली पेटवून अन्न धाडले. विक्रीसाठी नियम मोडला नाही, वाढण्यासाठी मोडला. शब्बाथाच्या दिवशी रोग्याला बरे करणारा ख्रिस्त ज्यांनी वाचला आहे, त्यांना यात विसंगती वाटणार नाही.

सोमवारी आम्ही तिथे जेवायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि पुतणी, गाडी तिची. मोटारींच्या दोन रांगा लागल्या होत्या आणि टोप्या घातलेली कॉलेजवयाची मुले उन्हात मोटारीमोटारीपाशी जाऊन हसतमुखाने मागणी टिपून घेत होती. आम्ही आत जाऊन बसलो. टेबलावर ताजी फुले. भिंतीवर क्रूस नाही, वचन नाही. (कॅलिफोर्नियात इन-एन-आउट नावाची एक साखळी आहे, तिच्या पेल्याच्या बुडाशी योहानाच्या शुभवर्तमानातल्या वचनाचा आकडा छापलेला असतो म्हणतात. इथे तेवढेही नाही.) वाद्यसंगीत मंद चालले होते, पुतणी म्हणाली, ती चर्चमधल्या गाण्यांचीच चाल, शब्द तेवढे काढलेले.

पदार्थ साधाच. लोणी लावून शेकलेला पाव, त्यात तळलेली कोंबडी आणि आंबवलेल्या काकडीच्या दोन चकत्या. बस. ना कांदा, ना चटणी. पण चव चांगली. कोंबडी आत मऊ, रसदार, बाहेर कुरकुरीत. तळण शेंगदाण्याच्या तेलात, हे ऐकून मला उगीचच माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. जॉर्जिया हा भुईमुगाचाच मुलूख. जिमी कार्टर याच मातीतले भुईमुगाचे शेतकरी, आणि तेही रविवारी बायबल शिकवणारेच. सोबत जाळीदार बटाट्याच्या चकत्या होत्या. त्या आमच्याकडच्या उपासाच्या जाळीच्या वेफर्सच्या थोरल्या बहिणी.

आणि आदब! आभार मानले की प्रत्येक मुलगा-मुलगी 'माय प्लेझर' म्हणणार. कॅथींनी एका उंची हॉटेलात हे उत्तर ऐकले आणि आपल्या साऱ्या दुकानांत रुजवले. मी याचा मराठी तर्जुमा करू लागलो आणि थांबलो. आपल्याकडे आभार मानणेच मुळी सभेच्या शेवटचे काम. त्यावर उत्तर काय द्यायचे ते भाषेने ठरवूनच ठेवलेले नाही. फार तर 'अहो, त्यात काय एवढं!'

हे सगळे मी पुतणीला सांगत होतो, पण तिच्यापुढे काहीच नव्हते. "तू घेत नाहीस?"

"नाही काका. तुम्ही खा. मी इथलं खात नाही."

कारण मला ठाऊक होते. २०१२ साली ट्रुएट यांचे चिरंजीव डॅन कॅथी यांनी समलिंगी विवाहाविरुद्ध जाहीर मत दिले. घराण्याच्या धर्मादाय निधीतून त्या विवाहांना विरोध करणाऱ्या संस्थांना पैसा जातो, हेही पुढे आले. बहिष्काराची हाक उठली. उलट पक्षाने १ ऑगस्टला पाठिंब्याचा दिवस पाळला आणि दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे विवाह देशभर कायदेशीर ठरवले. २०१९ साली कंपनीच्या निधीने देणग्यांचे धोरण बदलून शिक्षण, बेघर आणि भुकेले यांवर भर द्यायचे ठरवले, तेव्हा पूर्वीचे पाठिराखेच रागावले. कोंबडीचा पाव खाणे हे तिथे मतदानासारखे झाले आहे.

मी म्हणालो, "अगं, आता धोरण बदललंय ना?"

"कंपनीचं. मालकांचं मत नाही. ते मत त्यांनी ठेवावं. पण माझी मैत्रीण आहे ना काका, गेल्या वर्षी तिचं एका मुलीशी लग्न झालं, मी करवली होते. तिच्या लग्नाविरुद्ध ज्यांनी पैसे मोजले, त्यांना मी पैसे देऊ?"

मला पंचहौद आठवले. १८९० च्याच ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी प्रतिष्ठितांपुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चहा ठेवला. गोपाळराव जोशांनी नावे छापून आणली आणि ग्रामण्य उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि सुधारक हळहळले. तोही 'ख्रिस्त्याकडचे खावे की नाही' असाच वाद. पण तिथे प्रश्न होता कपाला कोणाचा हात लागला हा. माझ्या पुतणीचा प्रश्न निराळा. तिला हाताचे काही नाही, पैसा पुढे कुठे जातो याचे आहे. पहिल्या न खाण्याने माणूस दूर लोटला जात होता, हिच्या न खाण्यात कुणाची तरी बाजू घेतलेली आहे. म्हणून तिचा हट्ट मला सोवळ्यात काढता येईना. तरी मी माझा पाव संपवला, हेही खरे. त्या उन्हातल्या पोरांचे श्रम आणि मालकाचे मत एकाच घासात गिळावे लागते. मला गिळता आले, तिला नाही. माझ्या मैत्रीत कुणाच्या लग्नावर कोर्टात वाद झालेला नाही, एवढाच कदाचित फरक.

इतक्यात एक उंच, पोरसवदा मुलगा आला, पुतणीपुढे बर्फाच्या पाण्याचा पेला ठेवला आणि तिचे नाव घेऊन काहीतरी बोलून हसला. तिने आभार मानले. "माय प्लेझर," तो म्हणाला आणि गेला.

"ओळखीचा?"

"माझ्या त्याच मैत्रिणीचा धाकटा भाऊ. कॉलेजच्या फीसाठी काम करतो."

"आणि बहीण काही म्हणत नाही?"

"पहिल्यांदा भांडण झालं. मग तिनं सोडून दिलं." तिने पाण्याचा घोट घेतला. "त्याला रविवारी हमखास सुटी मिळणारी नोकरी हवी होती, काका. रविवारी तो त्या दोघींकडे जेवायला जातो."