फटफटीवरचा एक दिवस

आमच्या घरात तीन पिढ्यांची मिळून बारा माणसे एकत्र नांदतात. त्यामुळे कोणतीही गोष्ट एकट्याने करावयाची झाली तरी तीस अकरा जणांची संमती लागते. गेल्या माघात या मंडळींनी, आमचे मत वगळून, एकमताने ठरविले की, आमची जुनी फटफटी आता विकून टाकावी. आमचे वय सदुसष्ट, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागलेला आणि रस्त्यांवरील रहदारी पूर्वीची राहिलेली नाही. कारणे सर्व खरी होती. म्हणूनच ती आम्हांस फार झोंबली.

ही शंभर सीसीची हिरो होंडा आम्ही १९९७ साली कर्ज काढून घेतली. तेव्हा आमचे जवळा बाजार परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. गाडीच्या पाटीवर मात्र परभणीचा बावीस हा आकडा अद्याप आहे. खेड्यापाड्यांतील शाळांत मास्तरकी करण्यासाठी तिने आम्हांस कोठकोठून नेले, ते आम्हां दोघांसच ठाऊक!

विकावयाची तर विकू. परंतु तत्पूर्वी एक अख्खा दिवस तिच्यासह एकट्याने घालवावा, असे मनाने घेतले. फाल्गुनातील एके पहाटे “औंढ्यास दर्शन घेऊन दुपारपर्यंत येतो” असे सौभाग्यवतीस सांगून आम्ही निघालो. हे अर्धसत्य होते. युधिष्ठिराचा रथ तेवढ्यावरून भूमीस टेकला. आमची फटफटी तर मुळातच भूमीवरून चालणारी.

औंढ्याची सडक सरळ आहे. आम्ही ती मुद्दाम सोडली व आडवाटेने सिद्धेश्वर धरणाकडे वळलो. मेघदूतातील यक्षही मेघास, वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्यावाचून पुढे जाऊ नको, असे बजावतो. ज्यास लवकर पोहोचावयाचे नसते, त्यासच मार्ग दिसतो.

पूर्णेवर वरच्या अंगास येलदरी व खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणे १९६८ साली पुरी झाली. येलदरीस वीज निर्माण करून सोडलेले पाणी सिद्धेश्वरास अडविले जाते व तेथून कालव्यांनी रानोरान पोहोचते. या पाण्याने आमच्या मुलखाचा रंगच पालटला. ठिकठिकाणी हळद शिजत होती. तिचा तो उग्र, मातकट सुवास वाफेबरोबर रस्त्यावर येई, आणि पुढे वाळत घातलेल्या हळकुंडांची पिवळी शिवारे दिसत. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या नाकाने ते पूर्वीच दिले होते. औंढ्याच्या डोंगरात शिरताच पळस पेटलेला दिसला. एकही पान नाही, केवळ फुले.

औंढ्यास नागनाथाचे दर्शन मात्र खरोखरच घेतले. तेवढे तरी सत्य पदरी असावे! गर्भगृह भुयारात आहे, तेथे वाकूनच उतरावे लागते. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, म्हणून नंदी मागे राहिला, अशी कथा आहे. याच परिसरात दुधाळ्याच्या बाजूस गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा व्हावयाची आहे. तीस केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांतून लेसरचा किरण धावणार आणि कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर आदळलेल्या कृष्णविवरांचा कंप त्यातून ओळखला जाणार. याकरिता जमीन अत्यंत निश्चल हवी. ते आठवून आम्ही आमच्या धडधडत्या यंत्राकडे किंचित शरमेने पाहिले.

दुपारी नरसीस पोहोचलो. हे कयाधूकाठचे गाव नामदेवांची जन्मभूमी मानले जाते. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत, त्यामुळे पंजाबातील यात्रेकरूही येथे येतात. पायी पंजाबपर्यंत गेलेल्या त्या पुरुषाच्या गावी बसून आम्ही दशम्या सोडल्या. घरी दुपार टळून गेली होती. निरोप धाडावयास हवा होता. खिशात दूरध्वनी असूनही आम्ही तो धाडला नाही.

त्याचे प्रायश्चित्त परतताना मिळाले. सूर्य मावळला होता. समोरून येणाऱ्या मोटारीचा झोत डाव्या डोळ्यात फुटला आणि क्षणभर सारे पांढरे झाले. दृष्टी आली तेव्हा आठ-दहा हातांवर उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. आम्ही करकचून ब्रेक दाबला. गाडी घसरली व आम्ही कडेच्या मातीत पडलो. कोपर सोलवटले, गुडघा ठेचला, एवढ्यावर निभावले. ऊसतोडीच्या टोळीतील एक पोरगा धावत आला. आम्हांस उठवून, पाणी पाजून तो म्हणाला, “आजोबा, लांबून दिसली न्हाई का ट्रॉली? मगाचे दोघं तर बाजूनं गेले की.”

उरलेल्या वाटेवर आम्ही दिवा नसलेल्या ट्रॉलीवर पुष्कळ रागावलो. तो राग न्याय्यच होता. परंतु त्या पोराचे वाक्य मनातून जाईना. आजन्म आम्ही दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. चूक दुसऱ्याची असली म्हणून आपले उत्तर बरोबर ठरत नाही, हे मुलांस शिकविले. आता स्वतःची पत्रिका समोर आली, तेव्हा गुण वाढवून द्यावे काय?

ओसरीवर अकराही माणसे जागी होती. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “दर्शनाला रात्र झाली?” बाही खाली ओढली असती तर कोपर झाकले गेले असते. आम्ही ती वर केली व सर्व हकीकत, सकाळच्या अर्धसत्यासह, सांगितली. आणि गाडीची किल्ली त्यांच्या हाती दिली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या आत जाऊन हळद-तेल घेऊन आल्या. लावता लावता म्हणाल्या, “विकायचं मागाहून बघू. आधी डोळा करून घ्या. आणि अंधार पडल्यावर चालवायची नाही, हे मात्र सगळ्यांसमोर कबूल करा.”

आम्ही कबूल केले. चैत्रात शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. तोवर फटफटी ओसरीखाली उभी आहे; नातू तीस रोज पुसतो, आणि किल्ली देव्हाऱ्यामागील खुंटीवर आहे. ती कोठे आहे हे आम्हांस ठाऊक आहे, आणि आम्हांस ठाऊक आहे हे घरातील सर्वांस ठाऊक आहे.