न दुखणारे दुखणे

कंबरदुखी ही आम्हां कारकुनांची कुलदेवता. दिवसभर खुर्चीत बसून टिपणे लिहिणाऱ्यांत तिला नैवेद्य न दाखवणारा विरळाच. त्यामुळे दिवाळीस साताऱ्याहून दिल्लीला आलेले आमचे वडील ‘कंबर धरली आहे’ म्हणाले, तेव्हा आम्ही शेकण्याची पिशवी पुढे केली आणि उलट आमच्याच कंबरेचे पुराण त्यांना ऐकवले.

अण्णांच्या मणक्यांना हाडाचे कोंब फुटले आहेत, हे जुन्या क्ष-किरण चित्रावरून ठाऊक होते. उतारवयात मणक्यांमधल्या चकत्या झिजतात आणि कडांना हाड वाढते. पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

चौथ्या दिवशी अण्णा गप्पगप्प होते. विचारले, तर “बरं आहे रे.” रात्री सौ. स्वयंपाकघरात गेल्यावर मात्र ते हळूच म्हणाले, “अरे, कालपासून लघवी होत नाही. आणि बसतो तिथं काही कळेनासं झालंय.”

“अण्णा, मग कालच का नाही सांगितलंत?”

“सूनबाईच्या देखत हे काय सांगायचं?”

त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी नंतर उलगडून सांगितले. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली मज्जातंतूंचा झुबका लोंबतो, त्याला लॅटिनमध्ये ‘कॉडा इक्वायना’, म्हणजे घोड्याचे शेपूट, म्हणतात. वाढलेल्या हाडाने आधीच अरुंद झालेल्या पोकळीत चकतीही सरकली, की हे शेपूट चेपते. असे क्वचितच घडते. पण घडले, की खोगिराला टेकणारा भाग बधिर होतो, लघवी अडते, पायांतले बळ जाते. मग हिशेब दिवसांचा नव्हे, तासांचा असतो.

अण्णा आज काठी टेकून चालतात. लघवीसाठी मात्र त्यांना अजून नळी वापरावी लागते. तो एक दिवस वाया गेला नसता तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

कचेरीत आम्ही रोज कितीतरी फायलींवर ‘तातडीचे’ अशी चिठ्ठी लावतो. त्यांतल्या बऱ्याचशा आठवडा-आठवडा पडून राहतात आणि कोणाचे काही अडत नाही. आमच्या घरात खरोखरीच तातडीचे होते, त्यावर मात्र संकोचाने चिठ्ठी लागू दिली नाही.

आपल्याकडेही आईवडील गावाहून येत असतील. कंबर दुखते का, हे त्यांना विचाराच. पण जे विचारावयास जीभ अडखळते, तेही विचारा.