दुपदरी मसोते

स्वयंपाकघरातील बहुतेक वस्तूंना भेटवस्तू म्हणून मान मिळालेला आहे. लग्नात भांडी देतात, वास्तुशांतीला समई देतात. मसोत्याच्या वाट्याला मात्र हे भाग्य सहसा येत नाही. जुन्या धोतराचा तुकडा फाडला की मसोते झाले. ते काळे पडले, जळके झाले, की दुसरे. तेव्हा गेल्या हिवाळ्यात आम्ही अक्काला मसोतेच भेट द्यावयाचे, आणि तेही स्वतःच्या हाताने विणून, असे ठरविले त्या वेळी ग्वाल्हेरच्या बाररूममधील स्नेह्यांना आमच्या वकिलीची काळजी वाटू लागली.

कारण मात्र थट्टेचे नव्हते. अक्का आमच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर आम्हांला तिनेच वाढविले. ती बेळगावला असते. अनेक वर्षांच्या मधुमेहाने तिच्या आधी पायांची आणि आता बोटांचीही जाणीव मंद केली आहे. तापलेल्या पातेल्याचा काठ हातात आला तरी तो तापलेला आहे हे बोटे सांगत नाहीत. सांगतात ते डोळे, आणि डोळ्यांना फोड दिसतो तो नंतर. नैवेद्याचा भात मात्र दुसऱ्या कोणी उतरवायचा नाही. तो ती ओल्या पदराने उतरवते. ओला पदर हा पदरच नव्हे. कोरड्या कापडातील हवा उष्णता अडविते, पाणी तीच उष्णता तत्काळ हातापर्यंत पोहोचविते. सूनबाईंनी रबरी हातमोजे आणले. ते कपाटात आहेत. "सोवळ्यात चालत नाहीत," एवढा एकच मुद्दा, आणि त्यावर अपील नाही.

आम्ही या निकालाशी वाद घालण्याऐवजी त्यातच वाट शोधली. सोवळ्याच्या कायद्यात सुती वस्त्राची बाजू नेहमीच लंगडी. ते धुवावे, कोणाचा हात न लागता वाळवावे, आणि एवढे करूनही कोणाचा चुकून स्पर्श झाला की पुन्हा धुवावे. लोकरीला ही कटकट नाही. म्हणून तर आमच्या आजीच्या पिढीत धाबळी नेसून स्वयंपाक होई. योगायोग असा की, अग्नीच्या कायद्यातही लोकरीचीच बाजू बळकट आहे. ती सहजासहजी पेट घेत नाही, ज्वाळा दूर केली की बहुधा आपोआप विझते, आणि वितळत तर मुळीच नाही. तेव्हा लोकरीचे मसोते हे दोन्ही न्यायालयांत टिकणार होते.

फक्त ती लोकर असली पाहिजे. बाजारात हल्ली अॅक्रिलिकच्या धाग्यालाही बेधडक लोकर म्हणतात, आणि तो धागा तापल्या भांड्याला लागला तर वितळून हाताला चिकटेल. आम्ही दुकानदाराचा शब्द पुराव्यात घेतला नाही. दोन बोटे धागा काडीने पेटवून पाहिला. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख उरते. खोटीचा कठीण मणी होतो. तिसऱ्या दुकानात केस जळल्याचा वास आला. तो आम्हांला अत्तराहून प्रिय वाटला.

विणणे शिकविले शेजारच्या काकूंनी. ग्वाल्हेरच्या थंडीने इथल्या कित्येक मराठी घरांना स्वेटर विणायला लावले आहे. काकूंच्या हातून तर तीन पिढ्या नटल्या आहेत. पुरुषाने सुया धरण्याचे त्यांना काही वाटले नाही. (युरोपातील जुन्या मोजेविणकरांच्या संघांत पुरुषच असत, हे आम्ही त्यांना सांगितले; त्यांनी ते ऐकल्यासारखे केले.) साधे विणकाम त्यांनी आठवड्याभरात आमच्या हाती बसविले आणि मग दुपदरी विणकाम काढले.

त्याची युक्ती अशी: सुईवर टाके जोडीजोडीने असतात. जोडीतला पहिला टाका आपल्याकडच्या पदराचा, तो एका रंगाने सुलट. दुसरा पलीकडच्या पदराचा, तो दुसऱ्या रंगाने उलट. उलट टाका पलीकडून पाहिला की सुलटच असतो, म्हणून कापडाला दोन्ही अंगे सुलट येतात. सुलट विणताना दोन्ही धागे मागे, उलट विणताना दोन्ही पुढे. "वकीलसाहेब, दोघांना बरोबर न्या, बरोबर आणा," हे काकूंचे पालुपद. एकटाच धागा पुढे राहिला तर तो पदरावर आडवा दिसतो. ओळीच्या आरंभी दोन्ही धाग्यांना एकमेकांभोवती एक पीळ द्यावा लागतो, नाहीतर कडा पाकिटासारख्या उघड्या राहतात. नक्षीच्या जागी दोन रंग आपापल्या जागा बदलतात, आणि तेथेच दोन पदर एकमेकांत गुंततात. रंग न बदलणाऱ्या भागात ते सुटे असतात, मध्ये हवा कोंडलेली. हीच हवा अक्काच्या बोटांसाठी आम्हांला हवी होती.

रंगच न बदलता, कडांनाही पीळ न देता विणीत गेले तर एकात एक अशा दोन स्वतंत्र वस्तू तयार होतात. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'च्या उपसंहारातील म्हातारी दाई, आन्ना माकारोव्हना, अशाच रीतीने दोन मोजे एकदम विणते आणि मुलांसमोर एकातून दुसरा ओढून काढते. १८६९ साली पूर्ण झालेल्या त्या कादंबरीतील लढाया आम्ही विसरलो आहोत. मोजे विसरलेलो नाही.

नक्षी कोणती घ्यावी यावर काकूंचा आणि आमचा तीन संध्याकाळ खल झाला. त्यांच्या मनात स्वस्तिक होते. परंतु या विणीत मागल्या अंगाला केवळ रंगच नव्हे, आकृतीही उलटते. पुढून उजवीकडे वळणारे स्वस्तिक मागून डावीकडे वळेल. 'श्री' काढली तर तीही मागून उलटी. शिवाय ज्याने काजळी पुसायची त्यावर ही चिन्हे हवीतच कशाला? शेवटी रांगोळीतले आठ पाकळ्यांचे कमळ ठरले. ते कोणत्याही बाजूने कमळच. चौकटीच्या कागदावर ते काकूंनी मुद्दाम उंच काढविले, कारण टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, आणि गोल कमळ विणल्यावर चपटे होते. एकतीस घरे रुंद, बेचाळीस ओळी उंच. दर घराला दोन टाके, म्हणजे ओळीला बासष्ट, आणि सगळे मिळून दोन हजार सहाशे चार. परतीच्या ओळीत नकाशा तोच, रंग मात्र उलटे वाचायचे. साक्षीदार तोच आणि वकील दुसऱ्या पक्षाचा, अशा ओळी आमच्या परिचयाच्याच होत्या.

रंग तांबडा आणि पांढरा. पांढरा काळा पडेल, हा काकूंचा आक्षेप बरोबर होता. पण अक्काला मोतीबिंदूमुळे मंद रंग ओट्यावर ओळखू येत नाहीत. आणि कोणतेही अंग वर असो, ते सुलटेच असल्यामुळे तिला चाचपून पाहावे लागणार नव्हते.

मसोते बेळगावला पोहोचले तेव्हा संकष्टी होती. रात्री दूरध्वनी आला. "लोकरीचंच आहे ना रे?" आम्ही काडीची कसोटी सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "आज भात त्यानंच उतरवला. हात बघितले मी नंतर, काही नाही." आणि लगेच, "पण पातेल्याला कान दोन असतात, वकील झालास तरी."

दुसऱ्या दिवशी काकूंनी उरलेली लोकर तराजूत घातली. पुरेल म्हणाल्या.