निनावी सर्व्हे यांस, बेंगळुरूहून

प्रिय निनावी सर्व्हे यांस,

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, आपला मेल पुन्हा आला. पाचच मिनिटं लागतील, उत्तरं पूर्णपणे निनावी राहतील, शुक्रवारपर्यंत भरा. बुधवारी आठवणीचा दुसरा मेल येईल आणि गुरुवारी स्टँडअपमध्ये मॅनेजर म्हणतील, ‘आपल्या टीममधले दोघं अजून बाकी आहेत.’ कोण ते दोघं, हे कुणीतरी मोजलं आहे म्हणूनच ते सांगता येतं ना? ही शंका बऱ्याच दिवसांपासून मनात आहे, आणि आज ती तुमच्याच कानावर घालायची ठरवली.

इकडे सगळं क्षेम. सिल्क बोर्डाचा चौक अजून तुंबतोच, पण 2025च्या ऑगस्टमध्ये पिवळी मेट्रो सुरू झाल्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारी मंडळी जरा वेळेवर घरी पोचतात. आम्ही आउटर रिंग रोडवाले कॅबमध्ये बसल्या बसल्या तुमची लिंक उघडतो. संध्याकाळी अमेरिकेतली माणसं कामावर येतात आणि आमचे कॉल सुरू होतात. एवढी खबरबात.

आता तक्रार. तुम्ही नाव विचारत नाही, हे खरं. पण शहर विचारता, विभाग विचारता, अनुभव किती वर्षांचा ते विचारता, स्त्री की पुरुष तेही विचारता. आमच्या टीममध्ये बाई मी एकटी. या चार चौकटी भरल्यावर माझं नाव लिहायचं उरतं कुठे? मागे एका कंपनीत मी रात्रीच्या ऑन-कॉलबद्दल मोकळेपणाने लिहिलं होतं. पुढे मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तुम्हाला रात्रीचा त्रास होतोय असं कळलं.’ रागाने नाही, काळजीनेच म्हणाले. तरी त्यानंतर मी सगळीकडे ‘सहमत’ हेच बटण दाबत आले, आणि तुमच्याकडे माझं म्हणून जे काही साठलं आहे त्यातलं बरंचसं खरं नाही.

हे माझ्या एकटीचं भय नव्हे. लटान्या स्वीनी या संशोधिकेने 2000मध्ये दाखवून दिलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली 87 टक्के माणसं एकेकटी ओळखू येण्याजोगी आहेत. आपल्या गावाकडे हे सांगायला संशोधन लागत नाही. पूर्वी निवडणुकीत मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय होती. मतदान यंत्रं आली, बूथवार आकडे मिळू लागले आणि कोणत्या वस्तीने दगा दिला हे निकालाच्या संध्याकाळीच कळायला लागलं. अनेक बूथांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र वापरावं, असं निवडणूक आयोगाने 2008मध्ये सुचवलं, 2015मध्ये विधी आयोगानेही शिफारस केली. ते अजून आलेलं नाही. आमच्या टीमवार निकालाचं दुखणं नेमकं हेच आहे.

पाचपेक्षा कमी उत्तरं असतील तर आकडा दाखवायचा नाही, असा नियम तुम्ही बऱ्याच ठिकाणी पाळता. पण चौदा जणांच्या गटाचा निकाल दाखवलात आणि त्यातल्याच दहा जणांचा वेगळा दाखवलात, तर उरलेल्या चौघांचं मत वजाबाकीने निघतं. इथे समोर बसलेली सगळी माणसं वजाबाकी करूनच पोट भरतात. शिवाय मोकळ्या चौकटीतलं लिखाण असतंच. कोण कसं इंग्रजी लिहितो हे रोज एकमेकांचे कोड रिव्ह्यू वाचणाऱ्यांना दोन ओळींत कळतं.

डिसेंबर 2024मधली बातमी तुम्हाला आठवत असेल. नोएडाच्या ‘यस मॅडम’ कंपनीतला एक मेल बाहेर फुटला. सर्व्हेत ज्यांनी खूप ताण असल्याचं सांगितलं, त्यांना कामावरून कमी केलं आहे, असं त्यात होतं. नंतर कंपनीने खुलासा केला की कुणालाही काढलेलं नाही, कामाच्या ताणाकडे लक्ष वेधण्यासाठी हे सगळं मुद्दाम केलं होतं. तो खुलासा येईपर्यंत आमच्या कँटीनमध्ये ‘असं कसं होईल’ असं कुणीही म्हटलं नाही. सगळ्यांना ते अगदी शक्य वाटलं. मला सर्वांत जास्त लागलं ते हे.

तुमच्यावर एवढा राग असता तर मी तुम्हाला लिहिलंच नसतं. हिंजवडीच्या पहिल्या नोकरीत आपली ओळख झाली तेव्हा तुम्ही कागदाचे होता. पँट्रीशेजारच्या पेटीत घडी करून टाकायचे. तिथे कुणीतरी लिहिलं होतं की कोडच्या बिल्डला पाऊण तास लागतो आणि तोवर डोक्यातला धागा तुटून जातो. आणखी बऱ्याच जणांनी तेच लिहिलेलं निघालं. दोन महिन्यांत नवी यंत्रं आली. बिल्ड दहा मिनिटांवर आला आणि आमची दुपार आम्हाला परत मिळाली. ते लिहिणारं कोण होतं हे आजही कुणाला माहीत नाही. त्या माणसाचे आणि तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते, ते आज मानते.

तुमची गरज आहे, हे मी मनापासून म्हणते. बिल्डला किती मिनिटं लागली हे यंत्राची नोंदवही सांगेल, पण त्या मिनिटांत माणसाचं काय झालं हे माणसालाच विचारावं लागतं. अबी नोडा, मार्गारेट-ॲन स्टोरी, निकोल फॉर्सग्रेन आणि मिखाएला ग्रायलर यांनी 2023मध्ये डेव्हलपरच्या अनुभवाचे तीन धागे मांडले: केलेल्या कामाचं बरंवाईट किती लवकर कळतं, डोक्यावर किती ओझं आहे, आणि कामात सलग बुडून जाता येतं का. असं काही विचारा ना. ‘मला या कंपनीचा अभिमान वाटतो’ याच्याशी मी किती सहमत आहे, हे जाणून कुणाचा पुल रिक्वेस्ट लवकर मर्ज होणार आहे? आणि थोडं ऐकूनही घ्या. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1928 ते 1930 या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरीव प्रश्न होते, पण कामगार त्यांना सोडून आपल्याच गोष्टी सांगत राहिले. तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्न बाजूला ठेवून ऐकायला सुरुवात केली.

नाव झाकायचंच असेल तर त्याच्या जुन्या रीती आहेत. 1965मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी अडचणीचे प्रश्न विचारण्याची एक युक्ती सुचवली. तिचं सोपं रूप असं: प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे मिटून ‘हो’ म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. हजारांपैकी सातशे ‘हो’ आले तर त्यातले सुमारे पाचशे नाण्याचे. उरलेल्या पाचशेंपैकी दोनशे खरे, म्हणजे चाळीस टक्के. कंपनीला आकडा मिळतो, पण एकट्याच्या ‘हो’वरून त्याला कुणी धरू शकत नाही. नऊ जणांच्या टीमला हे चालणार नाही, मान्य. पण मग नऊ जणांचा निकाल वेगळा काढूच नका.

इथे सगळ्यांनाच नाव सांगून उभं राहता येत नाही. 2024मध्ये कर्नाटकात आयटीवाल्यांचा दिवस चौदा तासांचा करू पाहणारा प्रस्ताव आला, तेव्हा केआयटीयू ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना उघडपणे विरोधात उतरली. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण गृहकर्जाचा हप्ता आणि नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असलेल्या माणसाला तुमच्याशिवाय दुसरं दार कुठे आहे?

तेव्हा विनंती एवढीच. चार चौकटींपैकी तीन गाळा. गुरुवारी कोण बाकी आहे ते मोजू नका. लिंक प्रत्येकाची वेगळी असेल आणि कंपनीत कुणाला उत्तरं पाहता येत असतील, तर ‘निनावी’ म्हणू नका, कोण पाहू शकतं ते सरळ लिहा. आणि निघालेला निकाल, न आवडणाऱ्या उत्तरांसकट, आम्हाला महिन्याभरात दाखवा. मागच्या वर्षीचा आम्ही अजून पाहिलेला नाही.

टीममध्ये बेळगावचा एक मुलगा नुकताच लागला आहे. पहिलीच नोकरी. काल त्याने तुमचा मेल उघडून मला विचारलं, ‘ताई, यात खरं लिहायचं असतं का?’ मी शुक्रवारपर्यंतचा वेळ मागून घेतला आहे. त्याला काय सांगू, ते उलट टपाली कळवावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक डेव्हलपर, बेंगळुरू