कढईतील तेल कोण बदलणार?

दूरचित्रवाणीवर एखादा पदार्थ तयार होताना आपण तल्लीन होऊन पाहतो. परंतु तो पदार्थ पुढे कोणी खाल्ला, त्याला तो पचला का, रात्री त्याला वारंवार तहान लागली का, हे आपल्याला कधीच कळत नाही. काही वर्षांपूर्वी मराठी वाहिनीवरील एका पाककृतींच्या कार्यक्रमात मी हुलग्याचे शेंगोळे करून दाखवले, तेव्हा मलाही हे प्रश्न पडले नव्हते. येरमाळ्याला, सोलापूर–धुळे महामार्गालगत, स्वतःचे लहानसे हॉटेल काढले आणि मग ते रोजचेच झाले.

चित्रीकरणाच्या दिवशी माझ्यापुढे सगळे साहित्य काचेच्या वाट्यांमध्ये मोजून मांडलेले होते. लसूण सोललेला, कोथिंबीर निवडलेली. मी तळहातावर पीठ वळून चार-सहा शेंगोळे उकळत्या पाण्यात सोडले, कॅमेरा थांबला आणि आधीच शिजवून ठेवलेले दुसरे पातेले पुढे आले. यात फसवणूक काही नाही; वेळेचे बंधन असते. पण चार माणसांचा पदार्थ, एकदाच, उत्तम प्रकाशात आणि भांडी दुसऱ्या कोणी घासायची, असा स्वयंपाक मी आयुष्यात तेवढाच केला. गावी परतल्यावर जो तो म्हणू लागला, “आता हॉटेलच टाका, ताई.”

पडद्यावरील ओळखीतून हॉटेल उभे राहू शकते, हे खरे आहे. वाचकांपैकी काहींना सारा टॉड हे नाव ठाऊक असेल. २०१४ साली ‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’च्या सहाव्या पर्वात ही तरुणी उतरली. तिला विजेतेपद मिळाले नाही. परंतु तिने केलेली आलू-गोबी भारतीय प्रेक्षकांना इतकी भावली की तिचे नाव इथे घरोघरी झाले. पुढे तिने गोव्यात वागातोर येथे भागीदारीत ‘अँटारेस’ हे हॉटेल उभारले आणि त्या उभारणीवर एक मालिकाही निघाली. त्याच्याही आधी, २०१० साली, लखनौच्या एक शिक्षिका पंकज भदौरिया पहिल्या ‘मास्टरशेफ इंडिया’च्या विजेत्या ठरल्या होत्या. समुद्रकिनाऱ्यावरचे ते उंची हॉटेल कुठे आणि माझी पाच टेबले कुठे! तरीही कॅमेऱ्यापुढून गल्ल्यामागे येण्याची वाट थोडीफार सारखीच असावी, असे मला वाटते. पाककृती येणे हा त्या वाटेचा अगदी छोटा भाग आहे.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. पुरुषाने शंभर माणसांचे शिजवले तर तो आचारी. बाईने शिजवले तर ती स्वयंपाकीण. पहिल्या शब्दाला मान आहे, दुसऱ्याला पगारही धड नाही. माझ्या हॉटेलात गिऱ्हाईक अजूनही मला विचारते, “मालक कुठे गेले?” पूर्वी मला याचा राग येई. आता मी नुसते “बोला” म्हणते. मालकीण असण्याचा अर्थ मला गल्ल्यावर समजलाच नाही, तो कढईपाशी समजला.

तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवले की ते काळवंडते, दाट होते, त्याला फेस येतो. त्यात जी घातक संयुगे वाढतात त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाले तर ते तेल वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. नियम चांगला आहे. पण संध्याकाळी कढईत दोन लिटर तेल उरलेले असते, बाहेर भज्यांची मागणी असते आणि नवा डबा फोडायचा तर दिवसाचा नफा जातो. अशा वेळी पगारी आचारी तेल बदलत नाही. कारण तो निर्णय त्याचा नसतो. दूरचित्रवाणीवरच्या सुगरणीवर तर ही वेळच येत नाही. तेल काढून टाकण्याचा अधिकार ज्याच्या खिशातून पैसे जातात त्यालाच असतो, आणि म्हणून तो मला हवा होता. आमच्याकडे भजी आता फक्त बाजाराच्या दिवशी होतात.

मिठाचेही तसेच. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक लहान चमचाभर मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हॉटेलातील रस्सा, लोणचे, पापड आणि शेंगदाण्याची चटणी एका ताटात आली की ही मर्यादा एका जेवणातच गाठली जाते. ट्रकचालक आठवड्यातून तीन-तीनदा याच रस्त्याने जातात. रक्तदाबाची गोळी पुष्कळांच्या खिशात असते. मी मीठ एकदम कमी केले नाही, महिन्यामहिन्याने थोडेथोडे केले. आमसुलाने आणि भाजलेल्या तिळाने बरीच उणीव भरून निघते. दोन नेहमीची गिऱ्हाइके तुटली, हेही सांगितले पाहिजे.

मात्र सर्वांत अधिक धास्ती मला भाताची वाटते. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. चुन्याच्या रानात खडे वेचून पालखीवर वाहण्यासाठी लांबलांबून भाविक येतात. ऊन मी म्हणत असते आणि आमच्या दारात पहाटेपासून रांग लागते. अशा वेळी एकदाच मोठे पातेले भरून भात शिजवून ठेवण्याचा मोह होतो. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात; ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, वासावरूनही कळत नाही. म्हणून शिजवलेले अन्न एक तर ६० अंशांच्या वर गरम राहिले पाहिजे, नाही तर लवकर थंड करून ५ अंशांच्या खाली ठेवले पाहिजे. यात्रेत मी दर तासाला लहान पातेले लावते. गॅस जास्त लागतो, बाया दमतात. पण आजवर त्या भाताबद्दल कोणाचा निरोप आलेला नाही.

बंगळुरूत ‘पूर्णब्रह्म’ हे मराठी जेवणाचे हॉटेल काढणाऱ्या जयंती कठाळे या दूरचित्रवाणीवरून नव्हे, संगणक क्षेत्रातील नोकरीतून आल्या. ताट स्वच्छ करणाऱ्याला बिलात सवलत देण्याची त्यांची पद्धत वाचली तेव्हा मला बरे वाटले. असा नियम पदरी ठेवलेली स्वयंपाकीण करू शकली नसती.

या व्यवसायात शरीर किती खर्ची पडते, हे मात्र कोणताही कार्यक्रम दाखवत नाही. दहा-बारा तास तव्यापुढे उभे राहून माझ्या पायांच्या नसा फुगल्या आहेत. डॉक्टरांनी दाब देणारे मोजे सांगितले; भाकरीच्या आचेजवळ उन्हाळ्यात ते घालवत नाहीत. त्यामुळे मी एक उंच स्टूल करून घेतले आणि पीठ मळणे, भाजी चिरणे बसून सुरू केले. दुपारी तीनला अर्धा तास पाय उशीवर ठेवून आडवी होते. तेवढा वेळ गल्ल्यावर मुलगी बसते, आणि तिलाही गिऱ्हाईक विचारते, मालक कुठे आहेत. ती म्हणते, झोपल्यात.