आमच्या घरचा इग्वाना

आपल्याकडे सरपटणाऱ्या प्राण्यांविषयीं दोनच वृत्ति रूढ आहेत. एक भीतीची व दुसरी पूजेची. नागपंचमीस ज्याला दूध-लाह्या वाहावयाच्या, तोच दुसरे दिवशीं परसांत दिसला कीं काठी शोधावयाची, हा आपला शिरस्ता. घोरपडीचीहि तीच गत. संस्कृतांत ती गोधा. मूर्तिशास्त्रांत ती गौरीचें वाहन. धनुर्धराच्या हातावरील चामड्याच्या पट्ट्यासहि तिचेंच नांव. आणि १६७० सालच्या सिंहगडच्या पराक्रमाशीं लोककथेनें तिला कायमची जोडून टाकली आहे. परंतु बांधावर दिसली कीं माणसें तिच्यामागें दगड घेऊन धांवतात. भीति आणि पूजा यांहून निराळी अशी पालनाची एक तिसरी वृत्ति आहे. ती या दोहोंपेक्षां पुष्कळ कष्टाची, हें मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं एका परदेशी सरड्याच्या सहवासांत कळून आलें.

हा सरडा म्हणजे हिरवा इग्वाना. मूळचा तो मध्य व दक्षिण अमेरिकेंतील. त्याचें नांव कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेंतून स्पॅनिश भाषेंत व तेथून जगभर गेलें. रूपानें तो घोरपडीसारखा. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें आपल्या कुंपणावरील सरड्याचा तो अधिक जवळचा आप्त. घोरपड मांसाहारी, तिची जीभ सापासारखी दुभंगलेली; इग्वाना शाकाहारी, त्याची जीभ जाड व मांसल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घोरपडीचा समावेश असल्यामुळें तिला पकडणें, पाळणें वा मारणें हा गुन्हा आहे. इग्वाना पाळतां येतो. मात्र त्याची नोंद सरकारदरबारीं करावी लागते. त्या कायद्यास २०२२ सालीं जी दुरुस्ती झाली, तिला अनुसरून निघालेल्या २०२४ च्या नियमांप्रमाणें ही नोंद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर होते. कोणास हौस वाटलीच, तर आधीं हा कागद पाहावा आणि मग पिंजरा.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त दौंडास असतात. त्यांचा मुलगा पुण्यास शिकत असतां त्याच्या एका स्नेह्यानें परदेशीं जातांना हें पिल्लू त्याच्या स्वाधीन केलें. दौंडच्या दोन खोल्यांत त्याची सोय होईना. म्हणून कागदपत्रांची व्यवस्था लावून त्याची रवानगी शिरूरास, घोडनदीकांठच्या आमच्या जुन्या घरीं झाली. नाकापासून शेंपटाच्या टोंकापर्यंत तें सव्वा फूट भरलें. पण त्यांत शेंपूटच बहुतेक. जबडा मऊ, मागचे पाय थरथरणारे, पायांचीं बोटें मधून मधून आपोआप उडत. पुण्याच्या पशुवैद्यांनीं हाडें तपासून सांगितलें, “गुरुजी, याच्या हाडांत कॅल्शियम नाहीं. आणखी एक-दोन महिने असेच गेले असते, तर हा उभा राहिला नसता. आतां याचें जगणें ऊन आणि अन्न यांवर आहे.”

कारण उघड होतें. पूर्वीं त्याला कांचेच्या पेटींत खिडकीपाशीं ठेवीत व काकडी आणि केळें खावयास घालीत. अन्नांतील कॅल्शियम अंगीं लागण्यास ड जीवनसत्त्व हवें, आणि तें त्याच्या कातडींत उन्हांतील अतिनील किरणांनीं तयार होतें. हे किरण खिडकीच्या कांचेंतून जवळजवळ आंत येतच नाहींत. कांचेमागचें ऊन दिसावयास ऊन. त्याच्या हाडांस त्याचा उपयोग नाहीं. म्हणून आम्हीं अंगणांत जाळीचा पिंजरा करविला, त्याचा अर्धा भाग पोत्यानें झांकून सावली केली आणि सकाळीं आठ ते दहा त्यास तेथें ठेवण्याचा नेम धरला. कांचेची पेटी उन्हांत ठेवणें मात्र घातक. ती भट्टीसारखी तापते व प्राणी आंत गुदमरतो.

घरांतील पिंजरा उंच पाहिजे, कारण हा प्राणी झाडावर राहणारा. आमचा चार फूट उंचीचा असून त्यांत पेरूच्या आडव्या फांद्या बसविल्या आहेत. वरच्या फांदीवर दिव्याची ऊब सुमारे पस्तीस अंश व खालच्या कोपऱ्यांत सत्तावीस, म्हणजे ऊब किती घ्यावयाची हें तो स्वतःच ठरवितो. दिवा जाळीबाहेर असावा, नाहीं तर अंग भाजतें. अतिनील किरणांचा निराळा दिवा मिळतो. पण तो जळत दिसला तरी त्याचे किरण कालांतरानें क्षीण होतात, यास्तव सहा महिन्यांपासून वर्षाच्या आंत तो बदलावा. आमच्याकडे पौषांत रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि नेमकी तेव्हांच वीज जाते. तशा रात्रीं गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून पिंजऱ्यांत ठेवण्यासाठीं मीं दोनदां उठत असें. या मुलखाची हवा कोरडी. त्यास जन्मभूमीचा ओलावा हवा. म्हणून दिवसांतून दोनदां पाण्याचा फवारा आणि पसरट परातींत कोमट पाणी. त्या पाण्यांतच तो बहुधा मलविसर्जन करतो, तेव्हां परात निराळी ठेवणें आलेंच.

अन्नाची गोष्ट गृहिणींस विशेष आवडेल. तो चावून खात नाहीं. तोडतो व गिळतो. त्याच्या मोठ्या आंतड्यांतील सूक्ष्म जंतु पाला आंबवून पचवितात, आणि रानांतलीं पिलें हे जंतु मोठ्यांची विष्ठा खाऊन मिळवितात. आंबविण्याच्या या क्रियेस ऊब लागते. थंडींत भरलेलें पोट तसेंच राहतें. म्हणून आधीं ऊन, मग जेवण. पाल्यांत कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावें. आम्ही गाईंसाठीं लावलेला लसूणघास, शेवग्याचा पाला, तुतीचीं पानें व जास्वंदीचीं फुलें बारीक चिरून देतों. जोडीला लाल भोपळ्याचा कीस, भेंडी, क्वचित् पपई आणि पुरंदरच्या अंजिराची एखादी फोड. पालक व चुका यांतील आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतें, म्हणून ते टाळावे. दूध, अंडें, मांस हीं वर्ज्य. पोळीचा तुकडा मायेनें पुढें करण्याची आपली संवय. ती माया त्याच्या पोटांत जाऊन उपद्रवच करते.

आमच्या थोरल्या वहिनी ऐंशीच्या घरांत आहेत. पिंजरा पाहतांच त्या म्हणाल्या, “भाऊजी, हें जनावर माजघराच्या उंबऱ्याच्या आंत आलें, तर मी पाण्याचा घोट घेणार नाहीं.” मला त्यांचें म्हणणें तंतोतंत पाळावें लागलें, आणि तें योग्यच होतें. दिसावयास निरोगी अशा सरड्याच्या अंगावरहि साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. त्यांच्यापासून लहान मुलांस व वृद्धांस जुलाब-तापाचा मोठा धोका. म्हणून त्याचीं भांडीं स्वयंपाकाच्या मोरींत धुवावयाचीं नाहींत, त्यास हात लावल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून कशास शिवावयाचें नाहीं, आणि धाकट्या नातीनें त्यास केवळ दुरून पाहावयाचें. वहिनींचें सोंवळें व पशुवैद्यांची सूचना येथें एकच ठरली.

आतां माणसाळविण्याविषयीं. त्याच्या डोक्याच्या मध्यभागीं फिकट खवल्यासारखा एक तिसरा डोळा असतो. त्यास चित्र दिसत नाहीं, पण उजेड-सावली कळते. वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या लेखीं ससाणा. म्हणून हात नेहमीं बाजूनें, खालून व सावकाश न्यावा. तो गळ्याची पिशवी फुगवून मान डोलावूं लागला किंवा शेंपटाचा फटकारा देऊं लागला, तर तो रागावला असें न समजतां घाबरला असें समजावें. शेंपूट कधीं धरूं नये, तें तुटतें. पहिले पंधरा दिवस मीं त्यास स्पर्शच केला नाहीं. पिंजऱ्याशेजारीं बसून वाचीत असें आणि माझें वापरलेलें उपरणें फांदीवर टाकून ठेवीत असें. मग बोटांत जास्वंदीचें फूल धरून बसूं लागलों. एकविसाव्या दिवशीं त्यानें तें घेतलें. दोन महिन्यांनीं तो हातावर चढला, तेव्हां त्याचा जबडा टणक झाला होता आणि बोटांचें उडणें थांबलें होतें.

तिसऱ्या डोळ्यामुळें मीं त्याचें नांव त्र्यंबक ठेविलें. “देवाचें नांव सरड्याला?” वहिनी कडाडल्या. मीं अजामिळाची आठवण दिली. त्या गप्प राहिल्या. हल्लीं परसांतील जास्वंदीचीं फुलें त्याच तोडतात. देवाला चार, त्र्यंबकाला दोन. शिवत मात्र नाहींत.

खरा प्रश्न पुढेंच आहे. नीट पाळलेला इग्वाना पंधरा-वीस वर्षें जगतो व पांच-सहा फूट लांब होतो. वयांत आलेला नर माजावर आला कीं माणसाळलेला असूनहि अंगावर येऊं शकतो. त्यास तेव्हां पिंजरा नव्हे, एक खोलीच लागेल. कंटाळून भीमेकांठीं सोडून देणें ही दया नव्हे. फ्लोरिडांत सुटलेल्या व सोडलेल्या इग्वानांची वस्ती इतकी माजली आहे कीं तेथें ते उपद्रवी ठरले आहेत. मीं वीस वर्षें पुरेन असा भरंवसा कोण देईल? म्हणून गेल्या दिवाळींत सर्वजण जमले असतां मीं हा विषय जेवणानंतर काढला. नातू म्हणाला, “आजोबा, मी आहें ना!” त्यावर सूनबाई शांतपणें म्हणाल्या, “तूं कोठें नोकरीला जाशील याचा नेम नाहीं. मामंजी, मला सारें लिहून द्या.”

तेव्हांपासून माजघराबाहेरच्या भिंतीवर दिवसाचा क्रम टांगलेला आहे: ऊन, पाला, पाणी, दिवा, हात धुणें. सूनबाई दौंडाहून आल्या कीं त्याप्रमाणें सारें स्वतः करतात व कांहीं अडलें तर मला विचारतात. ज्यांच्या घरीं असा कागद वाचणारें दुसरें माणूस आहे त्यांनींच हा प्राणी आणावा. इतरांनीं कुंपणावरचा सरडा पाहावा. त्याचें करावें लागत नाहीं, आणि पाहण्यासारखें त्याच्यांतहि पुष्कळ आहे.