आईचा दम

आमच्या घरात विडी-सिगारेटला कधी कुणी शिवलं नाही. त्यामुळे फुफ्फुसाचा आजार आमच्याकडे येणार नाही, असं मी धरूनच चाललो होतो. प्रदूषण म्हणजे दिल्ली, मुंबई, चंद्रपूर. आम्ही राहतो कराडजवळ, उसाच्या पट्ट्यात. आईचा खोकला सुरू झाला तेव्हा मी तो वयाच्या खात्यावर टाकला. जिना चढताना ती मध्येच थांबायला लागली, तर म्हणालो, गुडघे गेलेत. सकाळी कफ पडायचा, त्यावर औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणायची. तपासणी कसली केली नाही.

रात्री तिला आडवं पडून झोपता येईना, तेव्हा कुठे छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. “आजी, विडी-तपकीर काही?” आई नाही म्हणाली. “आणि चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?” आई माझ्याकडे बघायला लागली. कुणी मोजली होती ती वर्षं? “लगीन व्हायच्या आधीपासनं,” एवढंच ती म्हणाली. डॉक्टरांनी तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, मग औषध ओढायला दिलं आणि थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं. दम्यात औषधानंतर आकडा बराच सुधारतो. आईचा जेमतेम हलला. निदान झालं सीओपीडी. श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या, आणि गेलेलं फुफ्फुस कुठल्याच औषधानं परत येत नाही.

धुरातले मोठे कण नाकाघशात अडकतात, खोकल्यावाटे बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत उतरतात, आणि त्यांतले अगदी सूक्ष्म रक्तातही मिसळतात. म्हणून धुराचा त्रास छातीपुरता राहत नाही; हृदयविकार आणि पक्षाघातही त्यातून येतात. घरातल्या चुलीच्या धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा मी वाचला तो आईच्या निदानानंतर.

पण चूल माझ्या हातात नव्हती. पुढचं सगळं होतं.

गॅस आला, चूल गेली, तरी अंघोळीच्या पाण्याचा बंब तसाच राहिला. गॅस कशाला जाळायचा, हे माझंच म्हणणं. न्हाणीघर स्वयंपाकघराला लागून. बंब मी पेटवायचो: खाली तुरकाट्या, मक्याची बुरकुंडं, आणि चटकन पेट घ्यावा म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशव्या, कधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा. रबर पेटलं की काळा, चिकट धूर आधी आत शिरायचा. आई पदर नाकाला लावून चहा ठेवायची. ते मी रोज पाहायचो आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. रात्री डास, म्हणून तिच्या खोलीत खिडक्या लावून डासांची कॉइल. एका कॉइलच्या धुरात 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण असतात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. ती कॉइल मी तिच्या उशाशी लावत होतो, तीही काळजीपोटी.

निदानानंतरही मी चुकलोच. डॉक्टरांनी पंप लिहून दिला होता. “पंपाची सवय लागते,” असं कुणी सांगितलं, मला पटलं, आणि आईला जरा बरं वाटताच मी तो बंद करायला लावला. खरं तर पंपातलं औषध थेट श्वासनळ्यांत जातं, म्हणून ते गोळीपेक्षा खूपच कमी मात्रेत पुरतं. पंप बंद झाला आणि तिचा दम पुन्हा वाढला.

त्याच हंगामात ऊस तुटून गेल्यावर मी पाचट पेटवलं. संध्याकाळी, वारा पडल्यावर, म्हणजे आग शेजारच्या रानात जाऊ नये. हिवाळ्यात संध्याकाळी जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते, आणि वर उबदार हवेचा थर बसला की धूर वर जातच नाही. तो गावावर पसरून राहिला. जळक्या पाचटाची काळी पानं आमच्या अंगणातल्या वाळवणावर पडली. पहाटे आईचे ओठ निळे पडले होते. तिला दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं. आग मी लावली होती. दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही.

आता बंब मोडीत घातलाय, छतावर सौर हीटर आहे. डासांसाठी मच्छरदाणी आहे. पाचटाची सरीत कुट्टी करून ती कुजवतो. त्यानं जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. आईला रोज बरेच तास ऑक्सिजनच्या मशीनला बसून राहावं लागतं. यातलं एक जरी मी दहा वर्षं आधी केलं असतं, तर तिचं थोडं जास्त फुफ्फुस शिल्लक राहिलं असतं, असं मला वाटतं.

तुमच्या घरात कुणी चुलीपुढे आयुष्य काढलं असेल आणि तिचा खोकला महिनोन्‌महिने जात नसेल, तर वयाचं नाव सांगू नका. तिची फुंकून करायची ती तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्या. आणि उद्या बंबात घालायला प्लास्टिकची पिशवी उचललीत, तर कृपा करून ती खाली ठेवा.